खुरपं मुलांच्या हाती, हिशेबाची वही साहेबांकडे

शेतीवरच्या कोणत्याही परिसंवादाला जा, दुसऱ्या-तिसऱ्या वक्त्याच्या तोंडून एक वाक्य हमखास येतं : आजकालच्या पोरांना मातीत हात घालायला नको. सभागृहातली वडीलधारी मंडळी माना डोलावतात आणि पुढचा मुद्दा सुरू होतो. हे वाक्य इतकं अंगवळणी पडलं आहे की ते सिद्ध करून दाखवण्याची जबाबदारी कुणावरच उरलेली नाही. त्याच्या मागोमाग आणखी दोन विधानं येतात. एक असं, की सेंद्रिय भाजीपाला ही पैसेवाल्यांची हौस आहे, तिच्यावर घर चालत नाही. दुसरं असं, की अशा शेताच्या गळ्यात तरुणांच्या प्रशिक्षणाचं लोढणं अडकवलं तर शेतही बुडतं आणि प्रशिक्षणही. तिन्ही एकत्र केली की मत तयार होतं : मुलांना शिकवणारं सेंद्रिय भाजीपाल्याचं शेत म्हणजे देणग्यांवर आणि सरकारी योजनांवर जगणारी शोभेची वस्तू. पाहुणे आले की दाखवायची.

हा पूर्वपक्ष सगळाच हवेतला नाही. अशी शेतं बुडतात हे खरंच आहे. पहिल्या वर्षी उद्घाटन, दुसऱ्या वर्षी गवत आणि तिसऱ्या वर्षी कोपऱ्यात रिकामे गांडूळखताचे हौद, हे चित्र महाराष्ट्राच्या बहुतेक तालुक्यांत कुठे ना कुठे दिसेल. वाद आहे तो कारणाचा. माझ्या मते ही शेतं मुलांच्या आळसाने बुडत नाहीत आणि रासायनिक खत वर्ज्य केल्यामुळेही बुडत नाहीत. तिथे मुलांना कष्ट दिले जातात, पण निर्णय दिले जात नाहीत. काय पेरायचं, कधी तोडायचं, कुणाला काय भावाने द्यायचं हे ठरवणारा माणूस वेगळा असतो. अशा शेतात मुलगा मजूर होतो आणि व्यवस्थापक मुकादम. दोघांनाही तिथे रमायचं काही कारण उरत नाही.

आधी आळसाचा आरोप घेऊ, कारण तो सर्वांत सोपा आणि सर्वांत लबाड आहे. राष्ट्रीय नमुना पाहणी संघटनेने २००३ साली, आपल्या ५९ व्या फेरीत, देशभरातल्या शेतकरी कुटुंबांना विचारलं होतं की शेती आवडते का. ४० टक्के शेतकऱ्यांनी सांगितलं की पर्याय मिळाला तर दुसरं काम धरू. हा आकडा गेली वीस वर्षं भाषणांतून फिरतो आहे. त्याच तक्त्यातला दुसरा आकडा मात्र फिरताना दिसत नाही : २७ टक्क्यांना शेती नको होती ती त्यात पैसा सुटत नाही म्हणून. म्हणजे नकाराचा मोठा हिस्सा हा हिशेब मांडून दिलेला नकार होता. आणि हे सांगणारे शेतकरी होते, शेतकऱ्यांची पोरं नव्हेत. बापाने हिशेब करून काढलेला निष्कर्ष पोराने ऐकला, तर त्याला आळशी म्हणायचं का?

पोरं काय करतात हे बघायचं असेल तर २०१७ सालचा ‘असर’चा अहवाल आहे. देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची ती पाहणी होती. त्यातली ४२ टक्के मुलं, शाळा-कॉलेजात नाव असो-नसो, काही ना काही काम करत होती. काम करणाऱ्यांपैकी ७९ टक्के शेतीत होती आणि जवळजवळ सगळी घरच्याच शेतात. उलट कोणतंही व्यावसायिक प्रशिक्षण घेणारी मुलं होती जेमतेम ५ टक्के. मातीत हात घालायला नको म्हणणाऱ्या पिढीचे हात असे कोपरापर्यंत मातीत आहेत. फक्त ते बघायला परिसंवाद सोडून शाळा सुटल्यावर बांधावर जावं लागतं.

या मुलांना खुरपायला येतं, पाणी धरायला येतं, फवारणीचा पंप पाठीवर घ्यायला येतो. येत नाही ते निराळं. गेल्या हंगामात वांग्यात एकरी खर्च किती झाला, वाहतूक, हमाली, तोलाई जाऊन पट्टीवर काय उरलं, शेजाऱ्याने त्याच आठवड्यात कोबी का लावला आणि आपण का लावला नाही, हे त्यांना ठाऊक नसतं, कारण घरी कुणी सांगत नाही. सांगायला वडिलांकडेही लिहून ठेवलेलं नसतं. प्रशिक्षणाची जागा नेमकी इथे आहे.

आता आपण प्रशिक्षण म्हणून काय देतो ते पाहा. कौशल्यविकासाच्या योजनांत सेंद्रिय शेतीचे अभ्यासक्रम साधारण दोनशे-अडीचशे तासांचे असतात. रोज आठ तास धरले तर पंचवीस-तीस दिवस. भेंडीचा पहिला तोडा बी टाकल्यापासून ४५ ते ५० दिवसांनी येतो. म्हणजे पहिली भेंडी दिसायच्या आत मुलाच्या हातात प्रमाणपत्र पडलेलं असतं. पंचवीस दिवसांत तो बीजप्रक्रिया, जीवामृत, दशपर्णी अर्क असे सुटे सुटे धडे गिरवतो. पण एक पीक जमिनीतून बाजारात जाताना त्याने पाहिलेलं नसतं. कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांना गावात राहून शिकण्याची एक चांगली तरतूद आहे, तिचंही आपण काय करून ठेवलं ते जिल्हा पुरवण्यांत रोज वाचायला मिळतं : ‘कृषीकन्यांनी दिली निंबोळी अर्काची माहिती’. सोबत फोटो. मध्ये बादली, भोवती गणवेशातल्या मुली आणि कडेला फेटा बांधलेले, यांच्याहून जास्त अर्क करून झालेले आजोबा. मुलींचा यात काही दोष नाही. त्यांना माहिती ‘देण्याचे’ गुण मिळतात, पीक घेण्याचे नाहीत.

हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिलं. स्त्री-शूद्रांच्या शिक्षणाची मागणी म्हणून ते आपण वाचतो आणि तसंच वाचायला हवं. पण त्यात गावच्या प्राथमिक शाळेने काय शिकवावं याची यादीही आहे. वाचन, मोडी-बाळबोध लेखन, हिशेब यांच्या जोडीला शेतीचं प्राथमिक ज्ञान आहे. आणि त्यापुढे जोतीराव सुचवतात की शाळेला जोडून एक लहानसं नमुना शेत असावं, तिथे मुलांना प्रत्यक्ष काम शिकवता यावं. त्यांनी या शेताला एक अट घातली आहे : त्याचं व्यवस्थापन खरोखर चोख असेल तर देशाचं मोठं कल्याण होईल. ही अट फार थोड्यांच्या लक्षात राहिली. निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य (म्युनिसिपल कमिशनर) अशी दिली आहे. ज्याला मालाचा भाव आणि कामाचा हिशेब रोज सांभाळावा लागतो, त्याच्याच लेखणीतून अशी अट उतरते. नमुना शेताची कल्पना आपण उचलली आणि व्यवस्थापनाची अट तिथेच ठेवली.

दुसरा आक्षेप सेंद्रिय असण्याचा. त्याला भावनेने उत्तर देऊ नये. सेंद्रियवाल्यांनी गोमातेपासून सुरुवात केली की समोरचा आकडे काढतो, आणि आकडे त्याच्या बाजूने आहेत. २०१२ साली ‘नेचर’मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार सेंद्रिय पिकांचं उत्पादन सरासरी २५ टक्क्यांनी कमी भरलं, भाजीपाल्यात तर ३३ टक्क्यांनी. नियमही सोपे नाहीत. प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना दोन वर्षांचा रूपांतराचा काळ काढावा लागतो. या दोन वर्षांत उत्पादन घटलेलं असतं आणि माल सेंद्रिय म्हणून विकताही येत नाही. श्रीलंकेचा दाखलाही येतोच. तिथे एप्रिल २०२१ मध्ये सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती गुंडाळली.

हे सगळं मान्य करून पुढचं पान उलटायला हवं. आणखी दोन वर्षांनी ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी’मध्ये अधिक मोठा आढावा आला. त्यात ही तूट सरासरी १९ टक्के निघाली, आणि जिथे मिश्र पिकं किंवा पिकांची फेरपालट होती तिथे ती आठ-नऊ टक्क्यांवर आली होती. म्हणजे तुटीतला मोठा वाटा खताच्या गोणीचा नसून नियोजनाचा आहे. श्रीलंकेचा धडाही तोच. रात्रीतून फर्मान काढून शेतकरी सेंद्रिय होत नाही, त्याला काही हंगाम शिकावं लागतं. ज्या शेतीत शिकल्यावाचून गत्यंतर नाही, तिथे शिकवण्याची सोय करणं हे लोढणं कसं ठरेल?

एक साधं उदाहरण घेतो. टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी झेंडू हे सापळा पीक आहे. दर सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ, अशी बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस. पण झेंडू नुसता लावून भागत नाही. लागवडीच्या दिवशी झेंडूचं रोप ४० दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं हवं, तरच दोघांना फुलं एका वेळी येतात आणि मादी पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो. म्हणजे झेंडूचं बी टोमॅटोच्या पंधरा दिवस आधी ट्रेमध्ये पडलं पाहिजे. तयार रोपं आणून मुलांकडून लावून घेतली तर त्यांना इतकंच कळतं की टोमॅटोत झेंडू लावतात. पुढे स्वतःच्या शेतात ती दोन्ही एकाच दिवशी पेरतील, अळी टोमॅटोवर पडेल आणि ती म्हणतील, हे सेंद्रिय-बिंद्रिय काही खरं नाही. रोपवाटिकेची तारीखवही ज्या मुलीने स्वतः लिहिली, तिला हे पंधरा दिवस कुणी शिकवायला लागत नाहीत.

सेंद्रियच का, याला आणखी एक कारण आहे आणि मला ते इतर सर्व कारणांपेक्षा वजनदार वाटतं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडोंना रुग्णालयात दाखल करावं लागलं. ज्या शेतात सोळा-सतरा वर्षांची मुलं शिकायला येणार, तिथे हे डबे कोठीत असता कामा नयेत. मग बाकीचं काय ते बघू. उत्पादनाचे सगळे आढावे बाजूला ठेवले तरी एवढ्यावर माझ्यापुरता निकाल लागतो. अर्थात सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी, ही समजूतही घातक आहे. तंबाखूचा काढा विषारीच असतो, बोर्डो मिश्रणातला मोरचूद अंगावर घेण्यासारखा नसतो आणि दशपर्णी ढवळताना डोळ्यांत गेला तर दवाखाना गाठावा लागतो. हातमोजे, चष्मा आणि वाऱ्याची दिशा हे धडे इथेही पहिल्याच आठवड्यात द्यावे लागतात. पण इथली चूक बहुधा निस्तरता येते.

आता मुलांना निर्णय द्यायचा म्हणजे काय करायचं? भेंडीचा वाफा घ्या. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. कोवळी, बोटाएवढी असताना. एक तोडा चुकला की शेंग निबर होते. ती कुणी घेत नाही, हे नुकसान लहान. मोठं नुकसान असं की निबर शेंग झाडावर राहिली तर झाड बी भरण्याच्या मागे लागतं आणि नवी फुलं कमी होतात. तोडणी पहाटे, उन्हं चढायच्या आत. लांब बाह्यांचा सदरा हवा, कारण भेंडीची लव अंगाला लागली की दिवसभर खाज सुटते. तोडलेला माल ओल्या गोणपाटावर पसरायचा, वाकडी आणि किडकी वेगळी काढायची, उरलेली कॅरेटमध्ये भरायची आणि वजन वहीत लिहायचं. हे काम सांगून करून घेतलं तर मजुरी आहे. हाच वाफा दोघा-तिघांच्या नावावर करून दिला आणि शेवटच्या तोड्यापर्यंत त्यांच्याकडेच ठेवला, तर प्रश्न त्यांच्याकडे चालत येतात. पाचव्या आठवड्यात चार झाडांची पानं पिवळ्या शिरांची दिसू लागतात. हळद्या रोग. पांढरी माशी तो पसरवते आणि रोगट झाडाला उपाय नाही, ते उपटावंच लागतं. उपटायचं कोणी? ज्यांनी बी टाकलं त्यांनी. त्यांचा हात धजत नाही, फुलं लागलेली असतात. त्यांना वाटतं, थोडं थांबू, निंबोळी मारून बघू. व्यवस्थापकाची खरी परीक्षा इथे असते. त्याला माहीत असतं की थांबलं तर आठवडाभरात चारची चाळीस होतील. त्याने जाऊन झाडं उपटली तर वाफा वाचतो आणि शिकवण जाते. नाही उपटली तर शिकवण होते, पण वाफा जाऊ शकतो. माझं मत असं की एका वाफ्यापुरता तोटा पत्करावा आणि सबंध शेताला झळ पोचू देऊ नये, म्हणून शिकाऊ वाफे मुख्य भेंडीपासून लांब टाकावेत. असल्या गोष्टी कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेल्या नसतात. पण व्यवस्थापन म्हणजे नेमकं हेच.

पालेभाजीतून हिशेब आणखी लवकर शिकता येतो. मेथी महिन्याभरात काढणीला येते, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. नवखा माणूस सगळा वाफा एका दिवशी पेरतो, मग एकाच दिवशी दोनशे जुड्या निघतात आणि पन्नासच खपतात. दर आठवड्याला एक पट्टा पेरायचा, हे नियम म्हणून सांगितलेलं मुलं विसरतात. उरलेल्या दीडशे जुड्या परत आणून कंपोस्टच्या ढिगावर टाकताना मात्र त्यांना ते पक्कं कळतं. मग तीच मुलं पेरणीचं वेळापत्रक मागायला येतात.

इथपर्यंतचे आक्षेप वरवरचे होते. खरा, विचारी माणसाने घ्यावा असा आक्षेप पुढे आहे : माल विकायचा म्हटला की शिक्षण मागे पडतं आणि मुलांच्या फुकटच्या मजुरीवर शेत चालतं. म्हणून प्रशिक्षणाचं शेत बाजारापासून दूर ठेवावं. यामागची भीती खरी आहे आणि जुनीही आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. मुलांच्या उत्पादक कामातून शाळेचा खर्च निघावा, ही त्यांची सूचना तिथेच वादात सापडली. अर्थतज्ज्ञ के. टी. शहांनी विरोध केला. आणि योजना आखण्यासाठी नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने स्वतःच्या अहवालातच बजावून ठेवलं की आर्थिक बाजूवर भर देण्याच्या नादात शैक्षणिक हेतूचा बळी जाण्याचा धोका उघड आहे. इतका प्रामाणिक अहवाल आपल्याकडे क्वचित निघतो. पुढे ही योजना, म्हणजे नई तालीम, बहुतेक ठिकाणी सूतकताईच्या तासापुरती उरली, ती या धोक्यामुळे नाही. तयार होणाऱ्या मालाला गिऱ्हाईकच नव्हतं. कुणी विकत घेणार नाही असं सूत मुलं कातत होती आणि त्यांना ते कळत होतं.

बाजार काढून टाकला की शोषणही जातं, हे म्हणूनच मला पटत नाही. बाजार नसलेल्या शेतातही मुलं गवत काढतातच, पाहुण्यांसाठी रस्त्याच्या कडेच्या विटांना चुना लावतातच. फक्त त्या कामाचं मोल काय हे कुणाला मोजता येत नाही. मोजता येत नाही तिथे शोषण झाकणं सोपं जातं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही गोष्ट ओळखली होती. १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था सुरू झाली. ‘कमवा आणि शिका’ हे तिचं सूत्र बनलं आणि १९४७ मध्ये साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज त्याच पायावर उभं राहिलं. त्या सूत्रात कमाई आधी आहे, आणि ती विद्यार्थ्याची आहे. काम करणाऱ्या मुलाला दानाचं जेवण जेवतोय असं वाटू नये, हा त्यातला स्वाभिमानाचा भाग. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला, तोही याच वाटेने गेला. शेती-पशुपालन, कर्मशाळा, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असा वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम तिथे आहे. मुलं शिकता शिकता गावाला लागणारी कामं करतात आणि त्या कामांचे पैसे घेतले जातात. गिऱ्हाईक काम नापसंत करू शकतं, म्हणून काम नीट होतं. तिकडे अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या लिंकन गावी, १९९१ पासून ‘फूड प्रोजेक्ट’ नावाची संस्था किशोरवयीन मुलामुलींना घेऊन भाजीपाला पिकवते आहे, आणि मुलांना त्या कामाचा मोबदला देते.

मग रेघ कुठे मारायची? कायद्याने एक मारून दिली आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला, घरच्या कामात शाळा सांभाळून मदत करणं सोडलं तर, कामावर ठेवता येत नाही आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. पण कायद्याच्या आत राहूनही पुष्कळ अन्याय करता येतो, म्हणून दुसरी रेघ व्यवस्थापकाने स्वतः मारावी. पहिल्यांदा वाफा खुरपणं हे शिक्षण आहे. दहाव्यांदा तोच वाफा खुरपणं ही मजुरी आहे आणि मजुरीचे पैसे द्यावे लागतात. गावात बायांना खुरपणीचा जो रोज चालतो तोच. मुलांच्या हाताला वेग नाही ही सबब चालणार नाही. वेग नसेल तर कामावरून मोजा, पण द्या. वहीत शिकवण्याचा खर्च आणि पिकाचा खर्च वेगवेगळ्या पानांवर लिहा. शिक्षकाचा पगार, मुलांच्या चुकीने गेलेलं बी, प्रयोगाचे वाफे हे शिक्षणाच्या पानावर. त्यासाठी देणगी मागायला लाज वाटायचं कारण नाही. बी, खत, मजुरी, वाहतूक पिकाच्या पानावर, आणि हे पान विक्रीतूनच भरलं पाहिजे. दोन्ही पानं एक केली की घोळ सुरू होतो. भाजी तोट्यात जाते आणि तो तोटा शिक्षणाच्या नावावर खपतो, किंवा भाजीत फायदा दिसतो आणि तो मुलांच्या न दिलेल्या मजुरीतून आलेला असतो. ‘प्रशिक्षण शेत चालत नाही’ म्हणणाऱ्या संस्थांना मला एवढंच विचारायचं आहे की तुमची पानं वेगळी आहेत का.

सुट्ट्यांचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण अनेक शेतं त्यावरच आपटली आहेत. शाळा-कॉलेजाचं वर्ष आणि भाजीचं वर्ष यांचं जमत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरी जातात तेव्हा कोबी-फुलकोबीला पाणी आणि पाळत दोन्ही हवं असतं. भेंडीला रविवार नसतो. मे महिन्यात भाजीला भाव असतो, विहिरीला पाणी नसतं आणि मुलंही नसतात. तरीही आपण जूनमध्ये प्रवेश आणि एप्रिलमध्ये परीक्षा असा साचा शेतावर लादतो आणि मग शेत सांभाळायला दोन गडी ठेवतो. पुढे सगळं शेत त्या गड्यांचंच होतं आणि मुलं पाहुणी. शेत सांभाळायचं तर तुकड्या पाडाव्या लागतात, पाळ्या लावाव्या लागतात, सुट्टी आळीपाळीने द्यावी लागते. वसतिगृहाच्या अधीक्षकांना हे आवडत नाही.

शेवटचा प्रश्न निधी देणारे विचारतात : यातून किती शेतकरी झाले? प्रश्न रास्त आहे, माप चुकीचं आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे, आणि तीही आणखी वाटली जाते आहे. मुलींच्या नावावर सातबारा क्वचितच असतो. भूमिहीनांच्या मुलांना तर तो प्रश्नच नाही. त्यांना दोन हंगाम शिकवून ‘आता शेतकरी व्हा’ म्हणणं ही थट्टा आहे, आणि ही अशा शेतांची खरी दुबळी बाजू आहे. कितीही चोख व्यवस्थापन असलं तरी ते जमीन निर्माण करू शकत नाही. पण भाजीच्या साखळीत जमिनीशिवाय करता येण्यासारखं पुष्कळ आहे. पाच गुंठ्यांवर शेडनेटची रोपवाटिका चालते. कंपोस्ट आणि गांडूळखत विकता येतं. वीस घरांना आठवड्याची भाजी पोचवणं हा व्यवसाय आहे. गटाच्या प्रमाणीकरणाची कागदपत्रं सांभाळणारा माणूस तर प्रत्येक शेतकरी गटाला हवा असतो आणि तो मिळत नाही. या प्रत्येक कामाला वही लिहिता यावी लागते, तारीख सांभाळावी लागते, गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं. ज्या मुलीने दोन हंगाम भाव ठरवला, तिला यातलं काहीही जड जात नाही. ज्या मुलाने दोन हंगाम नुसतं खुरपलं, त्याला खुरपायला पुन्हा बापाचंच शेत.

संस्थाचालकांना आणि कृषी विद्यालयांच्या प्राचार्यांना म्हणूनच एक विनंती आहे. येत्या पावसाळ्यात नवं मॉडेल, नवी कमान, नवं गांडूळखत युनिट काही उभारू नका. आहे त्यातले दहा गुंठे मुलांच्या एका तुकडीच्या हवाली करा, पेरणीपासून शेवटच्या तोड्यापर्यंत. बियाण्याचे पैसे उसने द्या आणि ते परत घ्या. काय लावायचं ते त्यांना ठरवू द्या, भाव त्यांनाच ठरवू द्या, आडत्याशी किंवा सोसायटीतल्या बायकांशी त्यांनाच बोलू द्या. वही त्यांच्याकडे राहू द्या. हंगामाच्या शेवटी पालकांना बोलावून ती मोठ्याने वाचायला सांगा, आणि तोटा आला असेल तर तोही त्यांच्याच तोंडून येऊ द्या.